एकशेचाळीस, सत्तर, सतरा

शहाद्यात, दोंडाईचा रोडला,
पपईचे ट्रक वळतात त्या कोपऱ्यावर
इश्तियाक मणियारचं टायरचं दुकान.
एप्रिलचा शेवट. डांबर चपलेला धरून ठेवतं,
सोडताना चट् म्हणतं.

गाडी लाल, सेकंडहँड, सुरतहून आणलेली.
पुढून रुबाब, मागून टक्कल.

"कोणता टाकू?"
"एकशेसाठ," मी म्हणाले,
घरून पाठ करून आल्यासारखी.
पंक्चरसाठी थांबलेला पपईवाला पोऱ्या खूश झाला:
"टाकी दे ना आक्का,
मांगेथीन गाडी कशी भारी दिसस!"

खरं सांगते, मलाही तेच हवं होतं.
मांगेथीन भारी.
गल्लीत पुढून कुणी बघत नाही माझ्याकडे,
सगळे गेल्यावर बघतात.

इश्तियाक काही बोलला नाही.
उकिडवा बसला, फडक्याने चाकाची कड पुसत राहिला.
साखळीचं काळं तेल, धूळ, कुणाच्या तरी शेतातला गारा,
आणि त्याखालून हळूच वर आले आकडे:
चार पॉइंट शून्य शून्य.
"हे बघा. हिचं मनगट चार इंची."

मग साखळी आणि टायरच्या फटीत
त्यानं आपलं बोट घातलं.
"आत्ता एक बोट जातं.
एकशेसाठला नखही जाणार नाही,
साखळी रबर खात बसेल.
आणि रुंद टायर अरुंद रिमवर आवळला
की मधून उठतो, बैलाच्या वशिंडासारखा.
वळणावर तुम्ही कड शोधाल ताई,
कड कुठंतरी वर राहील."

"मग एकशेपन्नास?"
मिरचीच्या भावात करतात तशी घासाघीस केली मी.
"बसेल.
पण साठचा घ्यावा लागेल, मागून गाडी खाली बसेल,
वळायला आळस करेल.
बसतंय म्हणून घालायचं का?"

त्या 'का'वर मला त्याची आई आठवली.
जुलेखाबी. भोंग्याखालच्या बोळात बांगड्या भरायची.
मी नववीत, व्हॉलीबॉलने पंजा रुंद झालेला,
आणि आई सांगतेय, "सव्वादोनच्याच भरा, दाबून.
मुलीचा हात एवढा मोठा दिसायला नको."
जुलेखाबीनं साबणाचा फेस केला,
माझी बोटं मुठीत घेतली, एकदा दाबली, सोडून दिली.
"हाड दबत नसतं, बाई. डबा दुसरा काढते."

बारा वर्षांनी तोच फेस,
फक्त ब्रश मोठा.
इश्तियाकनं टायरच्या ओठावर फिरवला,
हवा सोडली,
आणि रबर आत कुरकुरत, कुरकुरत,
फट्.
थोडं थांबून, दुसऱ्या बाजूनं, फट्.
बसला.

एकशेचाळीस, सत्तर, सतरा.
पोऱ्याचं तोंड उतरलं.
"शंभर किलोमीटर वाकवू नका," इश्तियाक म्हणाला,
"नव्या रबरावर मेण असतं.
आणि हवा सकाळी बघा, टायर गार असताना.
आपल्याकडे दुपारी काटा खोटं बोलतो."
जुन्या टायरचे पैसे कापले नाहीत त्याने,
तो म्हणे म्हशीच्या गव्हाणीला लागतो कुणाला तरी.

आठवडाभर प्रकाशा, तळोदा, पुन्हा प्रकाशा.
शंभर भरले.
रविवारी पहाटे तोरणमाळ.

पहिल्या वळणावर मी ताठ होते,
खांद्यात कुणीतरी काठी घातल्यासारखी.
चौथ्यावर गाडीनंच विचारलं, झुकू?
पाचव्यावर झुकलो.
रस्ता हातभर जवळ आला,
सुकलेल्या सागाची पानं, एक तुटकी चप्पल,
सगळं स्पष्ट,
आणि खाली कुठंही घसरणं नाही,
नुसतं धरून असणं.

वर तलावापाशी गाडी लावली.
शेंगदाणे घेतले. मागच्या चाकाशी बसले.
मधला भाग मळून राखाडी झालेला,
कडेला मात्र अजून चकाकी,
रबराचे बारीक केस तसेच उभे.

बोट ठेवून मोजलं.
उजवीकडे एक बोट उरलंय.
डावीकडे दीड.
डावीकडे मी अजून घाबरते.