मिठाला काय म्हणता

मारबतीचा बंदोबस्त लागायच्या आदल्या रात्री
इतवारीतून सतरा पोरं उचलून आणली.
सराफ्याच्या मागच्या बोळातली.
पेरांवर तेजाबाचे डाग,
केसांत, भुवयांत, नखांत
मालकाचं थोडं थोडं सोनं.

यादी मी लिहीत होते.
नाव. बापाचं नाव. गाव.
चौथा रकाना नवा, वरून छापून आलेला:
‘सीमा कोणत्या ठिकाणाहून ओलांडली?’
आमच्या शहरात मैलाचा दगडच शून्याचा.
कोणतीही सीमा धरा, इथून
रात्रभराची गाडी, वर आणखी एक दिवस.
रकाना मात्र पोचला.

धंतोलीहून मजुमदार काकांना आणलं होतं,
रेल्वेच्या हिशेबखात्यातून कधीचे निवृत्त,
पूजेच्या मंडपाची परवानगी मागायला
दरसाल स्वतः येणारे, संदेशचा डबा घेऊन.
साहेब म्हणाले, ‘दादा, तुमी फक्त आयकाचं.
इकडचा का तिकडचा, येवढं सांगा.
सोनं तर आपनबी कसावर घासूनच घेतो.’

काका खुर्चीच्या टोकावर बसले.
एकेकाला विचारत गेले,
पावसात घरी काय शिजतं,
नदीचं नाव काय,
मिठाला काय म्हणतोस?

‘नून,’ पहिला म्हणाला.
‘नून,’ दुसरा.
अकरावा इंताज अली,
वय सांगितलं बावीस, मिसरूड सतराचं.
‘लोबोन.’

कूलरचं पाणी संपलं होतं, नुसता पंखा खडखडत होता.

खरं सांगते, मला बरं वाटलं.
माझा भाऊ मोरेश्वर, नथीत त्याचा हात धरणारा नव्हता.
मजुरी अर्ध्यावर आली तेव्हापासून
बर्डीवर मोबाईलची कव्हरं विकतो.
ऐरण आईच्या खाटेखाली,
झाडताना रोज अंगठ्याला लागते.
कोणाच्या तरी नावापुढे एकदा खूण व्हावी
असं जेवताना आमच्यात कोणी ना कोणी म्हणतंच.

काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
मग मराठीत, माझ्याकडे बघून:
‘माझी आईपण लोबोनच म्हणायची.
अठ्ठेचाळीस साली आली. आधी आगबोट, मग गाडी.
मी कडेवर.
धंतोलीच्या किराण्यात पन्नास वर्षं
दुकानदार हसायचा तिला,
पण नून म्हणायला नाही शिकली.’

साहेब हसले. ‘तुमचं येगळं हाये, दादा.’
काय वेगळं, ते काकांनी विचारलं नाही.
मी तरी कुठं विचारलं.

इंताजला मी रकाना वाचून दाखवला.
‘भाताचं शेत होतं,’ म्हणाला, ‘रात्र होती.
मामाच्या खांद्यावर होतो मी.
मामा म्हणाला, आता बोलू नको.
परत बोललो तेव्हा मालदा आलं होतं.’
यातलं किती लिहायचं?
रकाना दीड इंचाचा.

सकाळी जागनाथ बुधवारी.
पिवळी मारबत निघाली, अंगणाअंगणातून लेकरं पुढे धरलेली,
खोकला घेऊन जा गे, महागाई घेऊन जा गे,
आणि मागून बडग्या, बारा फुटी,
चौकड्याची लुंगी, गळ्यात पाटीएवढं खोटं आधार कार्ड,
भोवती थर्माकोलचं काटेरी कुंपण.
‘घुसखोराले घेऊन जाय गे, मारबत!’

गर्दीत मोरेश्वर दिसला.
ओरडत होता, मग ओरडायचा थांबला.
वाकून कुंपणाला नख लावून बघत होता:
चंदेरी वर्ख, कुठे सुरकुती नाही,
काटा न् काटा वेगळा, टोकाला पीळ दिलेला.
‘कोनाचा हात आहे बे हा?’

‘इंताजचा,’ मंडळाचा पोरगा म्हणाला,
‘दोन रात्री बसला होता भाऊ, पैसेबी नाही घेतले.
सकाळपासून शोधून राहिलो त्याले,
कुठं गेला कोन जाने.’

मोरेश्वरनं माझ्याकडे पाहिलं.
मी शिट्टी तोंडात धरली.
गर्दी पुढे सरकवायची होती.