अर्धी किल्ली

ग्युम्रीत उणे सतरा.
बाजारामागे ह्रिप्सिमेबाईंची झिगुली
कालपासून अडून बसलेली.
किल्लीचं डोकं त्यांच्या हातमोज्यात,
दात आत.

"जोर लावलात?"
"जोर कसला, रोजच्यासारखीच फिरवली."
सगळे हेच सांगतात.

मी आधी काहीच करत नाही.
बॅटरी तोंडात धरून बघतो
चीर सरळ आहे, की अर्ध्यात फिरून थांबलीय.
फिरलेली असली की आतल्या पत्र्या
सोडत नाहीत, कितीही ओढा.
फिरलेलीच आहे.
पेचकसाच्या टोकाने केसभर मागे.
पेन्सिलीचं शिसं खरवडून एक फुंकर.
तेल नको, तेल थंडीत घट्ट होतं,
हे मी सेरोबला सात वर्षं सांगतोय.

मग नक्षीच्या करवतीचं पातं,
दाते माझ्याकडे.
सरकव. टेकव. वळव. ओढ.
निसटलं.
बाई शेजारच्या सीटवर पाय जुळवून,
त्यांच्या श्वासाने काच धुरकटतेय.
चौथ्यांदा काहीतरी धरलं गेलं
आणि तळहातावर आला तुकडा,
दुधाच्या दातासारखा, हलका.

दोन्ही तुकडे जुळवून पाहिले.
दात झिजून जवळजवळ सपाट.
"नवी कशी कापू? कारखान्यातून आली तशी,
की आत्ता आहे तशी?"

बराच वेळ त्या गप्प.
"कुलूपही तेवढंच झिजलं असेल ना," म्हणाल्या,
"सदतीस वर्षं अर्शावीरच चालवायचा."

आहे तशीच कापली.
लागली नाही.
त्यांनी माझ्या हातातून घेतली,
जरा बाहेर ओढली, डावीकडे कलती धरली.
हे त्यांना माहीत होतं,
मला नाही.