कळ

नौपाड्यात, पॅथॉलॉजी लॅब आणि पोळीभाजी केंद्र यांच्या मधे
माझी आवाजबंद खोली आहे.
भिंतींना आतून करडा स्पंज.
दार लावलं की गोखले रोड नाहीसा होतो.

माणसं माझ्याकडे पाठ करून बसतात,
कानांवर हेडफोन, मुठीत कळ.
मी सांगते, कितीही बारीक ऐकू आलं तरी दाबा.
शंका आली तरी दाबा.

आज दत्ताराम शिगवण आले होते,
वागळे इस्टेटमध्ये चौतीस वर्षं पॉवर प्रेसवर.
चार हजार हर्ट्झला त्यांच्या कानाचा आलेख
दरीत उतरतो.
चिमण्या, नातवाचं बोबडं, सगळं त्या दरीत.

मी काहीच वाजवत नव्हते तेव्हा
त्यांनी कळ दाबली. माझ्या बाजूला दिवा लागला.
पुन्हा दाबली. पुन्हा.
दार उघडून म्हटलं, आजोबा, आत्ता काहीच नव्हतं.
ओशाळले नाहीत.
म्हणाले, वाट बघत होतो ना बाई, म्हणून वाजलं.

हे तुला सांगायचं होतं.
कारण चैत्रात, कळव्याच्या हॉस्पिटलात,
लिफ्टजवळच्या बाकावर
मी एकोणीस रात्री बसले होते
आणि प्रत्येक वेळी दाबली होती.
पाल चुकचुकली, दाबली.
खाडीवरून वारा आला, औषधांची पावती उडाली
आणि फिरून माझ्याच पायाशी पडली, दाबली.
नलूचं बोट हललं.
डॉक्टर म्हणाले, तसं हलतं.
दाबली.

विसाव्या सकाळी मूठ आपोआप उघडली.

आई अजून दर सोमवारी कोपिनेश्वराला जाते.
म्हणते, तो ऐकतो.
ऐकत असेल.
ऐकणारी माणसं मला रोज बारा-पंधरा भेटतात, आई,
मी वाजवणाऱ्याबद्दल विचारतेय.

धंद्यातली एक गोष्ट मात्र मला ठाऊक आहे.
चाचणीत मधेच मी मुद्दाम गप्प राहते,
सात सेकंद, कधी दहा,
समोरचा अंदाजाने तर दाबत नाही ना, ते कळावं म्हणून.
पण मी काचेमागे असते रे.
दार ढकलून आत येते, विचारते, पाणी हवं का.
तुझे सेकंद मी मोजायचे सोडलेत.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
मशीन बंद करून आत जाऊन बसले.
हेडफोन लावले. दाराकडे पाठ.
तिथे आपल्याच रक्ताची घरघर ऐकू येते,
ती आलेखात धरत नाहीत.
अंगठा कळेवर होता.
किती वेळ, माहीत नाही.

बाहेर आले तर शेजारच्या कुंदामावशी
अर्ध्या शटरखाली वाकून उभ्या.
अगं, किती हाका मारल्या तुला!
चार पोळ्या उरल्यात, नेतेस का?

ऐकूच आलं नाही, म्हटलं.

यातून काही सिद्ध होत नाही.
पोळ्या गारच होत्या.
तरी घरी जाईपर्यंत
कागदातून हाताला
तेलाचा ओलसर डाग लागत राहिला.