आतली रेघ

पोरगी आमच्या गावभागातली, शलाका आरवाडे.
आता मोठी कलाकार.
तीन वर्षांपूर्वी आली होती माझ्याकडं
पाटबंधाऱ्याच्या जुन्या वह्यांचे फोटो काढायला.
मी आयर्विन पुलाखाली पाणी मोजायचो,
एकतीस वर्षं.
पूर आला की तासातासाला,
फूट आणि इंच, निळ्या शाईत.

काल खोकं आलं.
मऊ कागदाच्या सात घड्यांत एक कप, एक बशी.
सोबत छापील पत्रक:
सहा कप, सहा बशा, एक किटली,
पोर्सिलेन, तेराशे अंशांवर भाजलेलं,
संच एक लाख चाळीस हजार.
खाली तिच्या हातची ओळ:
काका, हा तुमचा.

बायकोनं आधी टिचकी मारली.
मिरजेच्या तंबोऱ्यासारखा वाजला, थांबेचना.
मग उजेडाकडं धरला,
पलीकडून तिची बोटं दिसली.
"ह्यात चहा प्यायचा, का ह्याला हळदकुंकू लावायचं?"

बाहेरून नुसता पांढरा. फूल नाही, वेल नाही.
आत एक निळी रेघ, केसाएवढी,
रेघेपाशी माझ्याच अक्षरात तारीख,
रात्री दोन.
एकेका कपात एकेका पुराची पातळी, म्हणे.
चहा रेघेपर्यंत ओतायचा,
पिता पिता पूर ओसरतो.
बशीत आपल्या नदीचं वळण,
पार हरिपूरच्या संगमापर्यंत.

कल्पना चांगली आहे.
मुंबईच्या हाटेलात वाहवा झाली असणार.

पण ती तारीख.
त्या रात्री दोनला मी पुलाखाली नव्हतो.
बापू खोताच्या म्हशी सोडवत होतो
छातीभर पाण्यात.
दाव्यांच्या गाठी भिजून दगड झालेल्या,
विळा सापडेना, शेवटी दातांनी.
चार सुटल्या.
पाचवीचं नाव चांदी होतं.

तीनला परत आलो. दोनचा रकाना मोकळा.
वर एकचा आकडा होता, खाली तीनचा लिहिला,
मधला बसवला.
अंग पुसून, कंदिलापाशी बसून,
सावकाश.
आख्ख्या वहीत तेवढंच अक्षर सुबक,
म्हणून तर पोरीनं ते उचललं.

शाईवर पाणी पडलं असतं तर गेली असती.
ही जात नाही.
ओल्या फडक्यानं घासून पाहिली.

बायकोला सांगितलं, इतक्या वर्षांनी.
तिनं गाळणं खाली ठेवलं.
"किती चुकलं असंल?"
"दोन इंच. फार तर तीन."
तिनं रेघेपर्यंत चहा ओतला,
डोळा बारीक केला,
आणि वर एक थेंब सोडला.
"घ्या. झाली दुरुस्ती."

मी बशीत ओतला. हरिपूर बुडालं.
फुरका मारला, परत वर आलं.
आलं जरा जास्त झालं होतं.

कपात तळाला थोडा चहा,
वर कोरडी, निळी रेघ.
अक्षर छान आहे,
मानायला पाहिजे.