चोरलेला श्वास

शनिवार, साडेसहा. खडकी बाजारामागचं चर्च.
ऑर्गनच्या भात्यात वाळवी शिरली त्याला सात वर्षं झाली,
रूबेन कॅसिओवरच सूर देतो
आणि उजगरेबाई पट्टीनं बाकावर ताल धरतात.
आम्ही अकराजण. ईस्टरला तीन आठवडे.

शेवटचं आमेन सोळा मात्रांचं.
एवढा दम कुणाचाच नाही,
म्हणून श्वास चोरायचा असतो:
बाकीचे गात असताना, मधेच कुठंतरी,
आणि परत यायचं हळूच,
उपासनेला उशीर झालेली बाई मागच्या बाकावर बसते तसं.
दोघांनी एकदम नाही. मग भोक पडतं.

हे मला शांतवनकाकांनी शिकवलं.
मी ऑल्टो, ते बेस,
पण छत्री ठेवायचा कोपरा एकच.
दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं.
डावा कान तिथंच राहिला,
उजवा, म्हणायचे, पेन्शनीवर आहे.
ऑर्गन होता तेव्हा त्याच्या लाकडाला गुडघा टेकून गायचे,
सूर हाडातून वर येतो म्हणत.
कॅसिओ काही गुडघ्याला कळेना.
मागल्या वर्षी अर्धी मात्रा मागं पडू लागले
तेव्हा बाई मला म्हणाल्या, तूच बोल.

बोलले. गेटबाहेर, रसवंतीच्या घुंगरांत,
म्हणून दोनदा बोलावं लागलं,
दुसऱ्यांदा ओरडून:
काका, यंदा तुम्ही नुसतं ऐका.
ते म्हणाले, बरं.
रसाचे पैसे त्यांनीच दिले.

आज त्यांची प्रत लेवीकडे आली.
सतरा वर्षांचा, आवाज नुकताच खाली उतरलेला.
पानभर पेन्सिल.
'तारणारा'खाली दोन रेघा:
*चाल गोऱ्यांची, शब्द आपला. 'रा' ओढू नये.*
एका कोपऱ्यात रॉकेलचा हिशोब.
आमेनच्या सातव्या मात्रेवर, मुंगीएवढ्या अक्षरात:
*इथं मी श्वास घेतो. सुवार्ता गात असते.*

ताई, हे खोडू का, लेवी विचारतो.
मी त्याचं खोडरबर माझ्या पर्समध्ये टाकते.

काका येतात अजून, दर रविवारी.
तिसऱ्या बाकावर, भिंतीकडे,
आमची तोंडं बघत.
आमेन सुरू झालं की थोड्या वेळानं
त्यांचे खांदे वर होतात, खाली येतात.
मला इतके दिवस वाटायचं,
उसासा.