अडलेलं

सेलूला, बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये
अकरा उन्हाळे उभी होती अण्णांची अँबॅसडर.
तीन चाकं फिरली. मागचं डावं फिरेना.
ट्रकवाल्यानं साखळी लावून ओढून पाहिलं
तर ते तसंच घासत आलं दोन हात,
फरशीवर काळी रेघ,
एक पाय रोवलेल्या हेल्यासारखं.

"थांबा," हाशम मिस्त्री म्हणाले, "मोडाल."

चाक उतरवलं. ड्रमचे दोन स्क्रू, खाचा गंजानं बुजलेल्या;
एक छिन्नीनं आला, एकाचं डोकंच गेलं.
मग रॉकेल. मग डिझेल. मग बिडी.
आत हँडब्रेकचा दांडा खाली पडला होता,
खाली केबल मात्र तशीच ताणलेली. ती कापली.
"लायनरनं झिजवून झिजवून ड्रमात आपला खड्डा केला,
काठाला ओठ राहिला.
आता त्याच ओठाला अडलंय बघा."

समदनं घण उचलला, त्याला एक शिवी बसली.
लाकडाचा ठोकळा धरून, हातोडीनं, कडेकडेनं,
दरवेळी थांबून कान द्यायचा.
बद्द.
बद्द.
वर पत्रा तापून कडकडत होता.
घेणाऱ्याचा फोन, तिसऱ्यांदा.

आणि मला अण्णांचा हात दिसला,
खांद्यापर्यंत साबण लावलेला,
मानवतकडच्या एका आखाड्यावर, अडलेल्या म्हशीच्या आत.
उजेड ह्याच गाडीच्या दिव्यांचा.
मी बारा वर्षांची, घमेल्यात ऊन पाणी घेऊन.
मालक दावं धरून जिवाच्या आकांतानं ओढत होता
आणि अण्णा, गाल तिच्या मांडीला टेकवून, हळू,
"ओढू नको रे. ती जोर देईल तेव्हा ये.
आधी एक पाय. मग दुसरा. डोलव."

आवाज बदलला.
मी आधी ऐकलं की मिस्त्रींनी, सांगता येत नाही.
त्यांनी हातोडी ठेवली,
दोन्ही तळवे ड्रमवर,
इकडून जरासं, तिकडून जरासं,
मग आला तो एकदम, छातीवरच,
काळा भुगा, गंज,
आणि पट्टीवरून सुटून
ड्रमलाच धरून राहिलेलं अर्धं लायनर.

"इतका करकचून हँडब्रेक कुणी ओढला होता?"

परभणीच्या दवाखान्यातून परतलो त्या रात्री
गाडी मी चालवत होते.
अण्णा शेजारी, पोटाशी उशी धरून.
ब्रेक ओढ, म्हणाले. अजून. वीट लाव.

"आठवत नाही," मी म्हणाले.

चाक पुन्हा चढलं. समद ते उगाच फिरवत बसला,
थांबलं की परत,
मिस्त्री ओरडेपर्यंत.
ट्रक मागं मागं येत होता, फळी टेकली होती.
जॅक उतरला,
आणि फरशी सपाट असूनही
कोपऱ्यातली वीट मी पायानं
चाकामागं सरकवली.