ढेकराची वाट

यी नदीच्या वरच्या अंगाला, दुराझ्नोच्या माळावर
सप्टेंबर लागला की क्लोव्हर नुसता उगवत नाही,
माजतो.
अजून फूल नाही, नुसतं कोवळं पान,
तीन-तीनचा घोस,
आणि प्रत्येक पानावर दवाचा एक जड थेंब.

फाटकाशी झुल्मा उभी आहे.
एका हातात मातेचा कडू चहा, दुसरा कडीवर.
कुंपणाच्या अलीकडे तेहेतीस गाई,
गेल्या वसंतात चौतीस होत्या.

नाउएल नवा गडी, साल्तो शहरातनं आलेला,
गाई त्याने आजवर बहुतेक पाकिटावरच पाहिलेल्या.
म्हणतो, दोन्या, समोर एवढं ताट वाढलंय
आणि तुम्ही त्यांना वाळली काडी चघळायला लावता?
चघळू दे, ती म्हणते.
असल्या पंगतीला उपाशी पोटी बसायचं नसतं.

टिटवी ओरडत जाते.
इकडे तिला तेरो म्हणतात, पण बोंब तीच.

तो रविवार होता.
एवारिस्तो, तिचा बाप, कुणाच्या बारशाला गेलेला,
फाटक तारेने बांधलेलं, आणि तार
रात्रभर कोंडलेल्या भुकेपुढे किती टिकणार?
ती पोचली तेव्हा सगळ्या ओल्यात उभ्या,
तोंडं हिरवी.
लुनारेहा तेवढी चरत नव्हती.
पांढऱ्या ठिपक्यांची, हट्टी, आंधळ्या वासराला
दोन महिने चाटून-चाटून जगवणारी लुनारेहा.
मान ताणलेली, पाय फाकलेले,
डावी कूस वर आलेली, कण्याच्याही वर,
टिचकी मारली तर ढोल.

आत नुसता वारा असता तर निघाला असता.
आत फेस होता.
साबणाच्या पाण्यासारखा, दाट, न फुटणारा,
लाखो बारीक बुडबुडे
आणि प्रत्येकात अडकलेला
एकेक इवलासा ढेकर.

स्वयंपाकघरातली सूर्यफुलाच्या तेलाची बाटली
तिने घशात ओतली. अर्धं तेल मातीत गेलं.
सुरी कुठे लावायची ते ठाऊक होतं,
शेवटची बरगडी, माकडहाडाचं टोक, कमरेची कड,
यांच्या मधली ती वितभर जागा.
बापाने लहानपणीच तिचं बोट धरून दाखवलेली.
जागा सापडली.
हात उचलला नाही.
एक मातेचा भोपळा भरून संपावा,
एवढाच वेळ लागला सगळ्याला.

म्हणून आता
फाटकाच्या खांबावर चामड्याच्या म्यानात सुरी,
तिच्या शेजारी तेलाचा डबा, त्याचं झाकण सैल.
नव्या तुकड्यात क्लोव्हर कमी, रायगवत जास्त,
तेही बियाणेवाल्याशी भांडून.
आणि रोज सकाळी ती एकेका गाईच्या
डाव्या कुशीवर तळहात ठेवते,
बरगडी, हाड, कड.
नाउएलला वाटतं, लाड चाललेत.

दव उतरलं. बूट कोरडे झाले.
वाळल्या गवताच्या भाऱ्यातनं आता फक्त काड्या उरल्यात.
झुल्मा कडी काढते, पण सगळा माळ देत नाही,
विजेच्या तारेआड एक पट्टा, वीस पावलांचा.
गाई धक्काबुक्की करत नाहीत.
भरल्या पोटाला घाई नसते.

नाउएल निघतो. झालं ना?
थांब.
आता काय करायचं?
ऐकायचं.

वारा. दात. मुळापासून तुटणाऱ्या पानांचा
चर्र, चर्र.
एका डब्यावर माशी बसते, उठते.
मग म्हातारी बार्सिना मान लांब करते
आणि पोटाच्या तळातनं, खोल विहिरीतनं यावा तसा
एक ढेकर देते, ओला, आंबूस, लांबलचक,
इतका की नाउएल हसत सुटतो
आणि फाटकाला टेकतो.

झुल्मा हसत नाही.
एक, ती म्हणते,
आणि पुढच्या गाईकडे बघते.